मागची जागा

जुनी स्टेशन वॅगन आवडणारा माणूस गाडी मागून बघतो. बाकीचे बॉनेट उघडायला सांगतात, हा मागचा दरवाजा उघडायला सांगतो.

किती पळते, हा पोराचा प्रश्न. किती पिते, हा बापाचा. किती जण बसतील, हा आईचा. स्टेशन वॅगन ही आईच्या प्रश्नासाठी बनलेली गाडी आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात ही आवड फार समजावून सांगावी लागत नाही. सुरतेहून कोलकात्याला जाणारा महामार्ग इथे गोंदिया-वडसा रस्त्याला छेदतो. कागदावर त्याचा नंबर आता त्रेपन्न, लोकांच्या तोंडी अजून सहाच. पूर्वेला शशीकरण पहाडी चढून देवरी आणि पुढे रायपूर. पश्चिमेला सौंदड, साकोली, नागपूर. उत्तरेला मुरदोलीच्या जंगलातून गोंदिया. दक्षिणेला नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, वडसा. चारी बाजूंनी रस्ता आहे, रेल्वे मात्र गावात नाही. जवळचं स्टेशन सौंदड, मोठं स्टेशन गोंदिया. गाडीतून उतरलेल्या माणसाला पोटलीसकट घरी पोहोचायचं तर दुसऱ्याच्या गाडीत मागे जागा मिळायला हवी. तशी जागा देणारी गाडी म्हणजे काळीपिवळी. कमांडर, ट्रॅक्स, सुमो, जी असेल ती. मागे समोरासमोर दोन बाकं, गुडघ्यात गुडघा, टपावर कॅरियर, कॅरियरवर तांदळाचे कट्टे आणि कधी नव्या नवरीची आलमारी.

अमेरिकेत स्टेशन वॅगन अशाच अडचणीतून आली. रेल्वेतून उतरलेली माणसं आणि त्यांच्या पेट्या हॉटेलात किंवा घरी नेण्यासाठी आधी घोडागाड्या होत्या. मग सुतारांनी फोर्डच्या मॉडेल टी चेसिसवर लाकडी खोकं चढवलं. १९२९मध्ये फोर्डने स्वतःच मॉडेल ए चेसिसवर अशी गाडी विकायला काढली. मिशिगनच्या उत्तर भागात फोर्डचं जंगल होतं, आयर्न माउंटनला आरागिरणी होती. तिथल्या मेपल आणि बर्चपासून या गाड्यांचे सांगाडे बनत. त्या लाकडाला नियमाने वार्निश लागे. ज्याने हयगय केली त्याच्या गाडीचे सांधे पावसात फुगले, मग ढिले पडले. सागवान, बीजा आणि ऐनाच्या मुलखात राहणाऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. लाकूड घेणाऱ्याने पाऊसही बरोबर घेतलेला असतो.

पुढे लाकूड गेलं, लाकडाची हौस राहिली. पोलादी पत्र्यावर लाकडाच्या रेघांचा कागद चिकटवून अमेरिकेने १९९०च्या दशकापर्यंत वॅगन विकल्या. फोर्डची कंट्री स्क्वायर १९५२ ते १९९१ अशी चाळीस वर्षं हा साज मिरवत होती. काही जाणकार या कागदाला खोटेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या सुताराने पहिली गाडी बांधली त्याची आठवण दारावर ठेवणं यात फसवणूक कुठे आली? लाकूड आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्या घराण्यात माझा जीव विलीजच्या वॅगनवर. १९४६ची. ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या आरेखकाने ओहायोतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडसाठी काढलेली, पूर्ण पोलादी अंगाची. युद्ध नुकतंच संपलं होतं. मोटारीचा पत्रा खोल दाबून वळवणारे मोठे प्रेस कंपनीच्या हाताशी नव्हते. घरगुती यंत्रांचा पत्रा घडवणाऱ्या कारखान्याला जमेल तेवढाच बाक देता येत होता. म्हणून स्टीव्हन्सने गाडी सपाट ठेवली. दार सपाट, छत जवळजवळ सपाट, काचा सपाट. नाक मात्र जीपचं.

त्या सपाटपणाचं मोल सत्तर-ऐंशी वर्षांनी कळतं. सपाट पत्रा गावातला डेंटिंगवाला हातोडीने सरळ करतो. सपाट काच फोटोफ्रेमच्या दुकानातला माणूसही मापाने कापून देतो, चांगला कारागीर सेफ्टी काच कापतो. याउलट १९५०च्या दशकात अमेरिकेने गाड्यांना जी गोल, वळसेदार काच दिली, ती एकदा फुटली की गाडी संपली. सुबत्तेत बनलेली वस्तू देखणी असते. टंचाईत बनलेली दुरुस्त होते.

आता तिचा मागचा दरवाजा. तो दोन भागांत उघडतो. वरचा काचेचा भाग वर उचलायचा, खालचा पत्र्याचा खाली पाडायचा. खालचा भाग आडवा होऊन साखळ्यांवर तोलून राहतो. त्यावर बसता येतं. पाय खाली सोडून दोन माणसं शेजारी बसली की गाडी उभी असूनही प्रवासाला लागल्यासारखी होते. डबा तिथेच उघडतो, चहा तिथेच ओतला जातो, लहान पोराचं अंगडं तिथेच बदलतं. बिजागरीच्या कडेला तेलकट मातीचा काळा थर असतो. ही माती कधी पूर्ण निघत नाही, आणि निघू नये असं मला वाटतं. कुठलंही चकचकीत प्रदर्शन या थरापुढे फिकं आहे.

महाराष्ट्राला अमेरिकन गाडी परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईच्या शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डही त्याच काळात मुंबईत होती. १९५४पर्यंत दोघींनी गाशा गुंडाळला. मधल्या काळात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९४७पासून कुर्ल्यातून क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. महिंद्रांनी विलीजची जीप हाती घेतली. जीपचं एफ-हेड हरिकेन इंजिन पुढे कित्येक वर्षं इथेच बनत राहिलं, आणि तेच इंजिन १९५०पासून विलीजच्या वॅगनमध्येही होतं. भावंडं गावात असली की परदेशी पाहुणाही दिवस काढतो. जिथे जुन्या जीपचे भाग मिळतात तिथे विलीजची वॅगन जगते.

पेट्रोल महागलं तेव्हा इथल्या अमेरिकन गाड्यांची हृदयं बदलली. मोठी पेट्रोल इंजिनं उतरली, त्यांच्या जागी डिझेल आली. बुश, गिअरबॉक्सचा जोड, इंजिनाचे माउंटिंग, सगळं गल्लीतल्या लेथवर. आजचा संग्राहक अशी गाडी बघून नाक मुरडतो. मूळ इंजिन नाही, मग किंमत अर्धी. बाजाराचा हिशेब तो असेल. माझा हिशेब वेगळा आहे. ज्या माणसाने दुसरं इंजिन टाकून गाडी रस्त्यावर ठेवली, त्याने तिला वाचवलं. मूळ इंजिनासकट पोत्याखाली सडलेली गाडी अस्सल असेल, पण ती कुणाच्या कामी आली?

अस्सल गाडी कोणती, याचं उत्तर नंबरांच्या जुळणीत शोधणारे खूप भेटतात. मी मागच्या सीटचं रेक्झिन बघतो. मधोमध झिजलं असेल तर गाडी भरून चालली.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, आणि रात्री नाटक असतं. वडसा म्हणजे या नाटकांची पेठ. तिथल्या मंडळ्या कार्यक्रम घेतात आणि होळीपर्यंत गावं पालथी घालतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, पहाटे पडतो. या हंगामात संध्याकाळी कोहमाऱ्याच्या चौकात उभं राहून गाड्या बघाव्यात. एका काळीपिवळीत म्हातारी पुढच्या सीटवर, चालकाच्या शेजारी, शालीत गुंडाळलेली. मधल्या ओळीत सुना आणि त्यांच्या मांडीवर पोरं. मागच्या बाकांवर गडी, पायाखाली सतरंजीची वळकटी, पाण्याची कॅन, एका थैलीत मुरमुरे. गाडी भरलेली आहे, तरी दारात आणखी एक जण उभा. आतून आवाज येतो, "सरका ना जी, बसते एक." आणि खरंच सगळे सरकतात. बसणाऱ्याची ओळख कुणी विचारत नाही, नाटक कुठलं ते विचारतात.

या सरकण्यासाठी माझा जीव तुटतो. गाडीत जागा फुटांनी मोजता येते, सरकणं मोजता येत नाही.

कुणी म्हणेल, हे धोक्याचं आहे. आहेच. परवान्यापेक्षा जास्त माणसं कोंबलेली गाडी वळणावर उलटते, आणि मागच्या आडव्या बाकावरच्या माणसाला पट्टा नसतो. फोर्डनेही १९६०च्या दशकात आपल्या मोठ्या वॅगनच्या मागे नेमकी अशीच समोरासमोर बाकं बसवली होती. काही कंपन्यांनी पोरांना मागे तोंड करून बसवलं. त्या पोरांना रस्ता येताना दिसायचा नाही, मागे पडताना दिसायचा. आज असली सीट सुरक्षित मानली जात नाही, आणि ते बरोबरच आहे. मागच्या जागेवर प्रेम करायचं तर तिथे बसणाऱ्याच्या मानेची काळजी आधी. जुन्या वॅगनला पट्टे बसवून घेणाऱ्याने तिचा इतिहास बिघडवला असं मी मानत नाही.

वेगाचं म्हणाल तर जुनी वॅगन साठीच्या पुढे गेली की कुरकुर करते. गोंदिया-कोहमारा रस्त्याला हाच वेग शोभतो. मुरदोलीचं जंगल नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधला वाघांचा येण्या-जाण्याचा मार्ग आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये तिथे एका मोटारीच्या धडकेने वाघ गेला.

मग स्टेशन वॅगनसारखी इतकी कामाची गाडी मेली कशाने? लोक म्हणतात, आवड बदलली. आवड बदलली खरी, पण तिला बदलायला लावलं गेलं. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले. १९७५मध्ये अमेरिकेने इंधनाच्या सरासरीचा कायदा केला. त्यात मोटारीला कडक नियम आणि हलक्या ट्रकला सैल. वॅगन मोटारीत मोजली गेली. १९८३च्या अखेरीस क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली, पुढच्या वर्षाच्या जीप चेरोकीने आणखी वाट काढली. या दोन्ही हलक्या ट्रकच्या खात्यात गेल्या. कुटुंब तेच, सामान तेच, खातं बदललं. १९९१मध्ये कंट्री स्क्वायर आणि जीपची ग्रँड वॅगोनियर दोन्ही थांबल्या. १९९६मध्ये ब्युइकची रोडमास्टर आणि शेवरोलेची कॅप्रिस गेली आणि अमेरिकन मोठ्या वॅगनचं घराणं बंद झालं.

आपल्याकडे हेच काम चार मीटरच्या रेषेने केलं. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचा अबकारी कर उतरवला. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिनही ठरलेल्या मापाचं. त्यानंतर कंपन्यांनी गाड्या मागून कापायला घेतल्या. टाटांची इंडिगो कापून चार मीटरच्या आत बसवली, तिची डिक्की बघितली की हे कापणं दिसतं. त्याच इंडिगोची मरिना नावाची वॅगनही होती, २००४ची, मागे छान लांब. ती चालली नाही. गाडीची लांबी कारखान्यात ठरते असं आपण समजतो, ठरते ती कराच्या तक्त्यात.

तरी सगळा दोष कराला देऊन सुटता येणार नाही. आपल्या मध्यमवर्गाला डिक्की वेगळी हवी होती. बसणारे वेगळे, सामान वेगळं, मधे भिंत; त्यातच गाडीची प्रतिष्ठा. वॅगनमध्ये माणूस आणि कट्टा एकाच छताखाली. ती मालवाहू वाटली, कुणाला ॲम्ब्युलन्स वाटली. ज्या समाजाला घरात पाहुण्यासाठी ओटी सोडायची सवय होती, त्याने गाडी घेताना ओटीवर भिंत घातली. हे मला अजून उमजलेलं नाही.

टाटा इस्टेटचा मला म्हणूनच अभिमान आहे. १९९२. पुण्याच्या टेल्कोने भारतीय कुटुंबासाठी खरीखुरी स्टेशन वॅगन काढली, लांब पाठीची, मागे उंच काच, बटणावर चढ-उतार करणाऱ्या खिडक्या, १९४८ सीसीचं डिझेल. दिसायला त्या काळच्या मर्सिडीजच्या वॅगनची आठवण यावी अशी. डोळस लोकांनी घेतली, बाकीच्यांनी वळून बघितली आणि सोडून दिली. दोन वर्षांनी, १९९४मध्ये त्याच कंपनीची सुमो आली, सुरुवातीला त्याच डिझेलवर. ती खेडोपाडी गेली, काळ्यापिवळ्या रंगात कोहमाऱ्याच्या चौकात उभी राहिली आणि गोंदियाच्या सवाऱ्या भरू लागली. इस्टेटला जे घर मिळालं नाही ते तिच्या धाकट्या बहिणीने गोरगरिबांत मिळवलं. गाड्यांच्या इतिहासात असा न्याय क्वचित होतो.

जुनी वॅगन घ्यायला निघालेल्याने इंजिन शेवटी बघावं. आधी काच. मागच्या कडेची लांब काच शाबूत आहे का, तिचं बीडिंग रबर सुटलं आहे का. मग मागच्या फरशीचं कारपेट उचलायचं आणि बोटाने दाबायचं; पाणी तिथेच साठतं, पत्रा तिथेच खातो. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवायचं; जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्या, साखळी, कुलूप. चेसिस नंबर हाताने चोळून वाचायचा आणि आरसीशी ताडून बघायचा. इतकं झाल्यावर बॉनेट. विक्रेता गाडी सुरू करून दाखवायची घाई करतो. त्याला थांबवायला शिकणं ही या छंदाची अर्धी विद्या आहे.

घेणाऱ्याची परीक्षा मात्र विक्रेत्यानेही घ्यावी. राखायला जागा आहे का, हे विचारावं. घरात किती माणसं आहेत, हेही विचारावं.

२०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए, शुल्क २०,००० रुपये, नोंद दहा वर्षांची, पुढच्या वेळी ५,००० रुपये. कायद्याने या वारशाला नाव दिलं, ही चांगली गोष्ट झाली. पण अशी पाटी लावलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, तेल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. स्पोर्ट्स कारला हे चालेल. वॅगनला बाजाराच्या दिवशी भाजी आणू द्यायची नाही, मंडईला पाहुणे नेऊ द्यायचे नाहीत, म्हणजे तिचा सत्कार करून तिला कामावरून काढणं झालं. विलीजच्या वॅगनने हे वय कधीच गाठलं आहे. मला विचाराल तर अंगात धमक असेपर्यंत तिला साध्या पाटीवर ठेवावं, पासिंगची कटकट सोसावी आणि चालवावं.

पहिल्या इस्टेटला पन्नास पुरी होतील ती २०४२मध्ये. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस, वाढतं शुल्क, आणि भंगारवाल्याचा वजनावर ठरलेला भाव. हा मधला काळ गाड्यांना फार वाईट असतो. तेव्हा त्या नव्याही नसतात आणि जुन्याही मानल्या जात नाहीत. सगळ्यात जास्त गाड्या याच काळात कापल्या जातात. अमेरिकेतही लाकडी वॅगनचं असंच झालं, आणि उरल्यासुरल्यांना भाव आला तेव्हा त्या मोजक्या राहिल्या होत्या.

तेव्हा गोंदिया-भंडाऱ्याकडे कुणाच्या राइस मिलच्या शेडमध्ये, कुणाच्या गोठ्यामागे एखादी इस्टेट ताडपत्रीखाली उभी असेल तर तिला आताच मोडीत देऊ नका. चाकांखाली विटा लावा, बॅटरी काढा, टाकीतलं जुनं डिझेल उपसा, उंदरांसाठी एअर क्लीनरचं तोंड जाळीने बंद करा. आणि मागच्या काचा जपून उतरवून, गोधडीत गुंडाळून घरात माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या नको. बाकी सगळं लेथवर होतं.